साडेतीनशेव्या क्रमांकाच्या आसपासच्या खेळाडूची प्रगती कशी ओळखायची?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. गेली काही वर्षं तुम्ही एका टेनिसपटूचे निकाल न चुकता बघता. परवा तो ७५ दर्जाच्या (विजेत्याला ७५ गुण देणाऱ्या) चॅलेंजर स्पर्धेत, म्हणजे मुख्य दौऱ्याच्या एक पायरी खाली, स्वतःपेक्षा वरच्या क्रमांकाच्या दोघांना हरवून उपांत्यपूर्व फेरीत पोचला. सोमवारी क्रमवारीची यादी आली, तर तो ३४० च्या आसपासवरून ३६० च्या पलीकडे गेलेला. बरोबरचे चाहते म्हणतात, वय २६ झालं, आता हा संपला. त्याचं खरंच काय चाललंय हे कशावरून ओळखायचं, आणि चाहत्याने त्याच्यासाठी काही करण्यासारखं आहे का, हे तुम्हाला हवंय.

या स्तरावरच्या खेळाडूंबरोबर मी बरीच वर्षं प्रशिक्षक म्हणून फिरलो आहे, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल. एक आधीच सांगतो: त्याचं शरीर कसं आहे, पैशांची सोय काय आहे, बरोबर कोणी प्रशिक्षक आहे की तो एकटाच फिरतो, हे मला माहीत नाही आणि बहुधा तुम्हालाही नाही. या तीन गोष्टींनी निम्मं उत्तर बदलतं. तरी बाहेरून जेवढं दिसतं तेवढ्यातूनही पुष्कळ कळतं.

आधी तो सोमवारचा धक्का. एटीपी या पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेची क्रमवारी म्हणजे मागच्या ५२ आठवड्यांची खतावणी. या आठवड्यात मिळवलेले गुण जमा होतात आणि बरोबर वर्षापूर्वी मिळवलेले गुण त्याच वेळी उतरतात. तुम्हीच लिहिलंय की गेल्या वर्षी याच सुमारास त्याने एम२५ स्पर्धा (चॅलेंजरच्याही खालच्या पायरीची) जिंकली होती. तिथे विजेत्याला २५ गुण मिळतात. ७५ दर्जाच्या चॅलेंजरची उपांत्यपूर्व फेरी १२ गुणांची. म्हणजे २५ गेले, १२ आले, १३ गुणांची घट झाली. तीनशे ते चारशेच्या पट्ट्यात खेळाडू इतके दाटीने उभे असतात की तेवढ्यात वीसेक जागा सहज इकडच्या तिकडे होतात. त्याच आठवड्यात खालून दोघातिघांनी चांगली कामगिरी केली, तर काहीही न करता माणूस आणखी खाली सरकतो.

याला दोन बारकावे आहेत. आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) छोट्या स्पर्धांचे, म्हणजे एम१५ आणि एम२५ चे गुण एटीपीच्या यादीत लगेचच्या सोमवारी चढत नाहीत, त्याच्या पुढच्या सोमवारी चढतात. 'जिंकला तरी वर का गेला नाही' या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं. दुसरं, वर्षभरातल्या सगळ्या स्पर्धांचे गुण धरत नाहीत, ठरावीक संख्येचे सर्वोत्तम निकाल धरतात. जो भरपूर खेळतो त्याच्या खात्याच्या तळाशी एक-एक, दोन-दोन गुणांचे निकाल साचलेले असतात. अशा खेळाडूने एम१५ मध्ये पहिली फेरी जिंकून एक गुण मिळवला, तर बेरीज जागची हलत नाही. पण कधीतरी ५० दर्जाची चॅलेंजर जिंकली, तर तळातला एक गुण जाऊन तिथे थेट ५० येतात. म्हणून या पट्ट्यात वर चढणं हळूहळू होत नाही. महिनोन्महिने काहीच घडत नाही आणि मग एका चांगल्या आठवड्यात माणूस ऐंशी जागा वर जातो.

आता मुद्द्याचं. गुण कमी मिळाले, पण खेळ कोणत्या आठवड्यात चांगला झाला? एम२५ मध्ये सलग पाच सामने जिंकून २५ गुण मिळतात आणि ७५ च्या चॅलेंजरमध्ये दोन सामने जिंकून १२. पण एम२५ च्या पहिल्या दोन फेऱ्यांत समोर सातशेव्या-आठशेव्या क्रमांकाचे, कधी क्रमवारीच नसलेले खेळाडू असू शकतात. चॅलेंजरला पहिल्याच दिवशी २०० च्या आसपासचा माणूस उभा असतो. तो दुसरी सर्व्हिस (पहिली चुकल्यावरची) लांबवर टाकतो, तुमचा एक आखूड चेंडू सोडत नाही आणि ३०-३० वर चूक करत नाही. त्या दर्जाच्या दोघांना एका आठवड्यात हरवणं हे माझ्या लेखी गेल्या वर्षीच्या जेतेपदापेक्षा मोठं आहे. अट एकच: ते दोघे धड होते ना, हे बघा. एक जण दुसऱ्या सेटमध्ये सामना सोडून गेला असेल आणि दुसरा आदल्या रविवारी दुसऱ्या खंडात अंतिम सामना खेळून आला असेल, तर मी तो निकाल निम्माच धरेन.

खेळाडूबरोबर बसून आढावा घेताना मी क्रमांकाचा कागद शेवटी काढतो. पहिल्यांदा बघतो की तो कोणाकडून हरतोय. विजयांनी माणूस फसतो, पराभवांची यादी सहसा फसवत नाही. गेल्या तीन महिन्यांतले पराभव लिहून काढा आणि प्रत्येकापुढे समोरच्याचा त्या वेळचा क्रमांक लिहा. वर्षापूर्वी तो ५००-६०० च्या खेळाडूंकडून हरत असेल आणि आता २०० च्या आतल्यांकडून हरत असेल, तर त्याचा पाया वर आला आहे, मग यादी काहीही म्हणो. उलट, वर अधूनमधून एखादा मोठा विजय आणि खाली अनोळखी मुलांकडून पाच-सहा पराभव, असं चित्र असेल तर त्याची चांगल्या दिवसाची पातळी वाढली आहे, वाईट दिवसाची वाढलेली नाही. या स्तरावर आठवडा वाईट दिवसाच्या खेळावर काढावा लागतो. आदल्या रात्री झोप नाही, कोर्ट अनोळखी, चेंडू वेगळ्या कंपनीचे, वारा सुटलेला, आणि तरी सकाळी जिंकायचं असतं.

मग येतात सामन्याचे आकडे. इथे रॉजर फेडररने २०२४ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात सांगितलेली गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारकिर्दीत एकेरीचे १,५२६ सामने खेळून त्याने जवळपास ८० टक्के जिंकले, पण पॉइंट जिंकले फक्त ५४ टक्के. महान खेळाडूची ही कथा. साडेतीनशेव्या आणि दीडशेव्या क्रमांकातलं अंतर शंभर पॉइंटमागे दोन-तीन पॉइंटचं असतं. त्यामुळे ६-७, ७-६, ६-७ असा हरलेला सामना आणि तसाच जिंकलेला सामना यांत खेळाच्या दृष्टीने फारसा फरक नसतो. टायब्रेकमधल्या (६-६ नंतर सेटचा निकाल लावणाऱ्या गेममधल्या) हारजितीवरून 'मानसिक दृष्ट्या कच्चा' असा शिक्का मारू नका. लागोपाठ चार टायब्रेक हरणं पुरेसं सामने खेळणाऱ्या कोणाच्याही वाट्याला येतं.

चॅलेंजरचे आकडे मिळतात, त्यातला एकच बघायचा असेल तर दुसऱ्या सर्व्हिसवर जिंकलेले पॉइंट बघा. पहिली सर्व्हिस उंचीवर, हवेवर, कोर्टाच्या वेगावर अवलंबून असते. दुसऱ्या सर्व्हिसवर मात्र रॅली सुरू होते आणि माणसाचा सगळा खेळ उघडा पडतो. तिथे निम्मे पॉइंट मिळवता आले की पुरुषांच्या खेळात तग धरता येते, असा माझा अनुभव आहे. एखादा तरुण सहा-आठ महिन्यांत ४४-४५ टक्क्यांवरून ५० च्या जवळ आला, तर निकाल यायचे बाकी आहेत एवढंच मी म्हणतो. रिटर्नचा, म्हणजे समोरच्याच्या सर्व्हिसवर जिंकलेल्या पॉइंटचा, आकडाही बघावा, पण तो हार्ड कोर्टचा वेगळा आणि क्लेचा (मातीच्या कोर्टचा) वेगळा, दोन्ही मिसळू नका. एम१५-एम२५ ला बहुतेक वेळा नुसता स्कोअरच हाताशी असतो. मग निदान एवढं करा: ६-४, ६-४ आणि ६-१, ६-२ यांना सारखंच 'सरळ सेटमध्ये हरला' म्हणू नका. पहिल्यात अख्ख्या सामन्यात दोनच ब्रेकचा (समोरच्याच्या सर्व्हिसवर जिंकलेल्या गेमचा) फरक असू शकतो.

यानंतर वेळापत्रक. चाहते सगळ्यात जास्त इथे चुकीचा अर्थ काढतात. 'चॅलेंजर खेळणारा माणूस एम२५ ला कशाला गेला, हिंमत हरला का?' असं तुमच्या एका मित्राचं म्हणणं आहे. साडेतीनशेव्या क्रमांकावर चॅलेंजरच्या मुख्य ड्रॉमध्ये (प्रत्यक्ष स्पर्धेच्या सामन्यांत) थेट जागा दर आठवड्याला मिळत नाही. कधी पात्रता फेरी खेळावी लागते, कधी तीही पर्यायी यादीत नाव टाकून, तिकीट काढून, तिथे जाऊन वाट बघत बसावं लागतं. कुणी आयत्या वेळी माघार घेतली तर खेळायचं, नाहीतर परत फिरायचं. अशा वेळी प्रशिक्षकापुढे दोनच वाटा असतात. वर राहून कमी सामने खेळायचे आणि शिकायचं, किंवा खाली जाऊन सामने आणि गुण दोन्ही गोळा करायचे. सलग तीन-चार आठवडे पहिल्या फेरीत हरलेल्या खेळाडूला मी बिनदिक्कत खाली नेतो, कारण सरावात कितीही घाम गाळला तरी ५-४ वर सर्व्हिस राखण्याची सवय सामना जिंकूनच लागते. पण खाली महिनोन्महिने रमलेल्या खेळाडूला मी ढकलून वर पाठवतो. तिथे त्याच्या आखूड चेंडूंना शिक्षा होत नाही, आणि ती सवय पुढे फार महागात पडते. तुमचा खेळाडू दोन चॅलेंजर, मग एक एम२५, मग परत चॅलेंजर असं फिरतोय. मला तो विचार करून केलेला कार्यक्रम वाटतो.

पैशाचंही सांगायला हवं, कारण त्याशिवाय वेळापत्रक कळतच नाही. एम१५ स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम १५,००० डॉलर असते आणि मुख्य ड्रॉच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्याच्या हाती दीडशे डॉलरच्या आसपास पडतात. त्यात त्या आठवड्याचं राहणंही निघत नाही. उलट २०२५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मुख्य ड्रॉच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १,३२,००० ऑस्ट्रेलियन डॉलर होते आणि पात्रतेच्या पहिल्याच फेरीत हरणाऱ्यालाही ३५,०००. म्हणून क्रमवारीत सगळे आकडे सारख्या मोलाचे नसतात. ३६० आणि ३४० मध्ये त्याच्या आयुष्यात काहीही बदलत नाही. २६० आणि २३० मध्ये सगळं बदलतं, कारण साधारण तिथे कुठेतरी ग्रँड स्लॅमच्या पात्रता फेरीचं दार उघडतं. १२८ जणांत तीन सामने जिंकणारे १६ जण मुख्य ड्रॉत जातात. दुसरा उंबरठा शंभराच्या आसपासचा, तिथे थेट प्रवेश मिळतो. २०२४ पासून एटीपीने पहिल्या २५० जणांसाठी किमान उत्पन्नाची हमी देणारी योजना आणली, त्यामुळे अडीचशेच्या रेषेला आणखी वजन आलं. तुमच्या खेळाडूचं खरं गणित 'अडीचशेपर्यंत पोचायला अजून किती गुण हवेत, आणि पुढच्या चार महिन्यांत त्याचे किती गुण उतरणार आहेत' हे आहे. उतरणारे गुण कमी असतील तर पुढचा काळ त्याच्यासाठी मोकळा आहे. येणारं प्रत्येक यश निव्वळ भर घालेल. ही एवढी आकडेमोड दर सोमवारच्या हळहळीपेक्षा कितीतरी जास्त सांगते.

आतापर्यंतचं एकत्र करून तुमच्या खेळाडूबद्दल बोलायचं तर: घसरण गुण उतरल्यामुळे झाली, पराभव आधीपेक्षा वरच्या खेळाडूंकडून होतायत, वेळापत्रक विचारपूर्वक आहे. तुम्ही दिलेल्या निकालांवरून मला तो वर्षापूर्वीपेक्षा चांगला खेळाडू दिसतो. दोन ठिकाणी मी हात राखून ठेवेन. तिसऱ्या सेटमध्ये तो बऱ्याचदा ६-१ किंवा ६-२ असा कोसळलाय, आणि मधल्या काळात दोनदा सामना अर्धवट सोडलाय. त्याचा अर्थ शरीर असू शकतो. खेळाडू दुखापत जाहीर करत नाहीत, कारण पुढच्या आठवड्याचा प्रतिस्पर्धीही ते वाचतो. तेव्हा तो एकदम महिनाभर कुठेच दिसला नाही तर 'सोडून दिलं का' असं विचारण्याआधी थांबा. सहा महिने किंवा त्याहून जास्त बाहेर राहावं लागलं तर संरक्षित क्रमवारीची सोय असते. दुखापतीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांच्या सरासरीवर तो क्रमांक ठरतो आणि परतल्यावर काही स्पर्धांत त्यावर प्रवेश मिळतो. यादीत क्रमांक हजाराच्या पलीकडे दिसत असतानाही माणूस चॅलेंजरच्या ड्रॉमध्ये असतो, तो बहुधा यामुळे.

वयाचं म्हणाल तर २६ ला मी अजिबात घाबरत नाही. भारताचा प्रज्ञेश गुणेश्वरन गुडघ्याच्या दुखण्यात उमेदीची वर्षं गमावून पहिल्या शंभरात आला तेव्हा २९ वर्षांचा होता, आणि २०१९ मध्ये ७५ पर्यंत पोचला. रशियाचा अस्लान करात्सेव्ह २७ व्या वर्षी, २०२१ मध्ये, पात्रता फेरीतून येऊन पहिल्याच ग्रँड स्लॅम मुख्य ड्रॉमध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपांत्य फेरीत गेला. २०२५ मध्ये २०४ व्या क्रमांकाचा मोनॅकोचा व्हॅलेन्टिन वाशेरो शांघायला पात्रता फेरीतही पर्यायी यादीतून शिरला आणि जोकोविचला हरवून, अंतिम सामन्यात स्वतःच्याच नात्यातल्या भावाला, आर्थर रिंडरक्नेशला हरवून मास्टर्सचं (ग्रँड स्लॅमच्या खालोखालच्या स्पर्धेचं) विजेतेपद घेऊन गेला. सुमित नागल २०२३ च्या सुरुवातीला पाचशेच्या पलीकडे होता. जानेवारी २०२४ मध्ये त्याने ऑस्ट्रेलियन ओपनला ३१ व्या मानांकित बुब्लिकला हरवलं, जुलैत तो ६८ वा होता. २०२५ मध्ये ते गुण उतरले आणि तो पुन्हा शंभराबाहेर गेला. ही खतावणी वर नेते तशीच खालीही आणते.

ही नावं आपल्याला आठवतात कारण ती वर पोचली. साडेतीनशेच्या आसपासचे बहुसंख्य खेळाडू शंभरात कधीच येत नाहीत, आणि हे त्यांनाही ठाऊक असतं. काही जण दुहेरीकडे वळून तिथे मोठे होतात. युकी भांबरी एकेरीत ८३ वा होता, दुखापतींनंतर दुहेरीत गेला आणि २०२५ च्या अमेरिकन ओपनमध्ये उपांत्य फेरी खेळला. म्हणून तुमच्या खेळाडूचे दुहेरीचे निकालही बघत जा. ते पोटापाण्याचे असतात, पण रिटर्न आणि नेटवरचा हात तिथेच सुधारतो.

आता चाहत्याने काय करावं. पराभवानंतर त्याच रात्री त्याला काही लिहू नका, धीराचं सुद्धा. त्या तासांत त्याच्या फोनवर काय येत असतं ते मी पाहिलं आहे. पैज हरलेले लोक त्याच्या आईवडिलांपर्यंत पोचतात. आयटीएफ आणि डब्ल्यूटीए (महिला टेनिस संघटना) यांनी २०२४ बद्दल जाहीर केलेल्या माहितीत खेळाडूंना आलेल्या शिवीगाळीपैकी सुमारे ४० टक्के मजकूर अशा चिडलेल्या जुगाऱ्यांचा होता. त्या ढिगाऱ्यात तुमचे चार चांगले शब्द त्याच्या नजरेलाच पडणार नाहीत. दोन-तीन दिवसांनी लिहा, आणि खेळातलं नेमकं लिहा: 'दुसऱ्या सेटमध्ये तू बॅकहँड रेषेतून मारायला लागलास तेव्हा सामना फिरला.' असं वाक्य खेळाडू जपून ठेवतात, कारण कोणीतरी सामना खरंच पाहिला हे त्यातून कळतं.

'खांदा कसा आहे', 'उद्या खेळणार ना' असं मात्र कधीही विचारू नका. तुमच्या मनात काळजी असते, पण हेच प्रश्न सट्टेबाजही गोड बोलून विचारतात. आतली माहिती बाहेर देणं हा टेनिसच्या भ्रष्टाचारविरोधी नियमांत गुन्हा आहे. म्हणून तो उत्तर देत नाही, आणि न देणंच बरोबर आहे. त्याच्या सामन्यांवर पैसेही लावू नका. एकदा लावलेत की त्याची दुहेरी चूक (लागोपाठ दोन्ही सर्व्हिस चुकणं) तुम्हाला तुमचं नुकसान वाटायला लागते.

चॅलेंजरचे सामने एटीपीच्या संकेतस्थळावर फुकट दिसतात. आकडे बघण्याआधी एखादा सामना पूर्ण बघा, विशेषतः तो हरलेला. आणि शक्य असेल तर प्रत्यक्ष जा. तुम्ही विचारलंय की पुढच्या महिन्यात तुमच्या आवाक्यातल्या चॅलेंजरला तो येणार आहे तर कधी जावं. त्याचं नाव सध्या पात्रता फेरीच्या यादीत असेल तर सुट्टी गुरुवार-शुक्रवारची न घेता रविवार-सोमवारची घ्या, कारण पात्रतेचे सामने तेव्हाच असतात आणि तिथे हरला तर आठवडा संपला. बाहेरच्या कोर्टांवर प्रेक्षक मोजकेच असतात, तुम्ही केलेल्या टाळ्या त्याला स्पष्ट ऐकू जातात. फक्त समोरच्याच्या दुहेरी चुकीवर टाळी वाजवू नका, आणि पॉइंटच्या मध्ये त्याच्याशी बोलू नका. दुसऱ्या दिवशीच्या सामन्यांचा क्रम आदल्या संध्याकाळी लागतो. तो बघूनच निघा, माघारींमुळे कोर्ट आणि वेळ शेवटपर्यंत बदलत राहतात.